दोंडाईच्याचा प्रश्न, युगांडाचे उत्तर

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्वत परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय : एम.एस. सर्जरीच्या प्रबंधांसाठी राज्यभर सामाईक प्रोफॉर्मा ठरवण्याबाबत

महोदय,

विषयाची ओळ वाचून 'एवढ्याशा गोष्टीसाठी खुले पत्र कशाला?' असे आपल्याला वाटले तर नवल नाही. प्रोफॉर्मा, म्हणजे रुग्णांच्या नोंदी भरायचा ठरावीक तक्ता, ही विभागातली अगदी किरकोळ वस्तू. नवा रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर, तो सीनियरच्या पेनड्राइव्हवरून उतरवून घेतो, वरचे शीर्षक बदलतो, दोन रकाने वाढवतो आणि कामाला लागतो. पण आपल्याकडच्या सर्जरीच्या संशोधनाचे घोडे नेमके कुठे पेंड खाते हे शोधू लागले की वाट फिरून फिरून या प्रोफॉर्म्यापाशीच येते. मी सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवतो आणि एम.एस.च्या विद्यार्थ्यांचा गाइड आहे. या विषयावर कॉन्फरन्समध्ये बोलणे पुष्कळ होते, जेवणाच्या रांगेत तर फारच. लेखी मात्र कोणी मांडत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड.

आधी एक हकीकत, आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असलेली. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा इथे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मच्छरदाणीचे कापड वापरू लागले. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागी जाळी बसवली की टाक्यांवर ताण येत नाही आणि हर्निया पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटते, हे तोवर जगभर मान्य झाले होते. अडत होते ते किमतीपाशी. कंपनीची जाळी शेतमजुराच्या आवाक्याबाहेर होती, त्यामुळे तो एक तर जुन्या पद्धतीने शिवून घ्यायचा, नाही तर लंगोट आवळून काम रेटायचा. मच्छरदाणीचा धागा हा पॉलिएथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिनचाच, म्हणजे कंपनीच्या जाळीच्या गोतावळ्यातला. टोणगावकरांनी तो निर्जंतुक करून वापरला आणि 'माझ्या हाताला चांगला गुण येतो' यावर समाधान मानले नाही. ठिकठिकाणच्या सर्जन मित्रांना सोबत घेऊन त्यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त निष्कर्ष छापले. हा अभ्यास प्राथमिक आहे, असे त्यांनी प्रामाणिकपणे शीर्षकातच लिहिले होते. म्हणजे पुढचे पाऊल उघड होते. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला कंपनीची जाळी, दुसऱ्याला स्वस्त जाळी, आणि वर्षभर लक्ष ठेवायचे.

ते पाऊल टाकायला आपल्याकडे काय कमी होते? ज्या मेडिकल कॉलेजच्या ओटी लिस्टवर आठवड्याला दोन-चार हर्निया नाहीत असे कॉलेज राज्यात शोधून सापडणार नाही. तरी ती चाचणी झाली पूर्व युगांडात. स्वीडन आणि युगांडाच्या सर्जननी मिळून ३०२ पुरुषांवर ती केली आणि जानेवारी २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने ती छापली. स्वस्त जाळीच्या गटात वर्षभरात एकाचा हर्निया उलटला, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. बाकी गुंतागुंत दोन्हीकडे जवळपास सारखी. किमतीत मात्र एका बाजूला डॉलरभरसुद्धा नाही आणि दुसऱ्या बाजूला सव्वाशे डॉलर. आणि हो, ते स्वस्त कापड भारतातूनच नेलेले होते.

२००३ ते २०१६ या तेरा वर्षांत आपल्या राज्यातून हर्नियावर प्रबंध निघाले नसतील असे मला वाटत नाही, ढिगाने निघाले असतील. त्यांतल्या एकाने तरी हा प्रश्न हाती घेऊन तडीस नेला असता तर ते उत्तर आपल्या नावावर असते. (उद्यापासून प्रत्येकाने बाजारातून मच्छरदाणी आणून शिवावी असे मी सुचवत नाही. शरीरात ठेवायच्या वस्तूंना आता २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत आणि ते असायलाच हवेत.)

हा एखाददुसरा अपवाद म्हणावा, तर पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांचे उदाहरण आहे. जाळीच नको, पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या पडद्याची पट्टी तिथल्या तिथे वळवून मागची भिंत भक्कम करता येते, ही त्यांची पद्धत २००१ पासून छापून येते आहे. तिची जाळी बसवण्याच्या प्रचलित लिखटेनस्टाइन पद्धतीशी रीतसर तुलना झाली पोलंडमध्ये. २०८ पुरुष, तीन वर्षांचा पाठपुरावा, दोन्ही गटांत दोन-दोन हर्निया उलटले. निकाल २०१२ साली आला. पुण्यात सुचलेल्या पट्टीचा कस पोलंडमध्ये लागला आणि मग आपल्या विभागांतल्या जर्नल क्लबमध्ये तो 'परदेशी पुरावा' म्हणून वाचला गेला.

आपल्याला हे जमतच नाही, अशातला भाग नाही. भगंदरासाठी क्षारसूत्र (क्षार लावलेला आयुर्वेदिक दोरा) चांगले की ऑपरेशन, या प्रश्नावर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, अनेक केंद्रांत मिळून चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी १९९१ सालची आहे. क्षारसूत्राने जखम भरायला दुप्पट वेळ लागतो, सुमारे आठ आठवडे, पण भगंदर उलटण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येते, असा स्पष्ट निकाल लागला. आयुर्वेदवाले आणि सर्जन एकमेकांकडे पाहूनही पाहत नव्हते त्या काळात हे झाले. परळच्या टाटा रुग्णालयाचे तर काय सांगावे! तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेला गाठ लागलेली नसतानाही मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात का, यावर जगात कित्येक वर्षे वाद चालू होता. तो मिटवायला तंबाखू आणि गुटख्याने ग्रासलेल्या देशातले रुग्णच लागणार होते. टाटामध्ये २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे ही चाचणी चालली. तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण आधीच गाठी काढलेल्यांत ८० टक्के होते, नंतर गरज पडल्यावर काढलेल्यांत साडेसदुसष्ट. २०१५ नंतर जगभरच्या मार्गदर्शक सूचना त्याप्रमाणे बदलल्या.

आणि लिग्नोकेन! ओपीडीत गळू फोडताना वापरतो तेच औषध. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटे ते गाठीभोवती टोचले, तर पाच वर्षांनी रोगमुक्त राहणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेले. अकरा केंद्रे, सुमारे १६०० स्त्रिया, निकाल २०२३ साली प्रसिद्ध. या प्रयोगातून कुठल्याही कंपनीला दमडी मिळणार नव्हती, म्हणून जगातल्या कुठल्याही कंपनीने तो केला नसता. गरीब देशातल्या सर्जनने विचारायचे प्रश्न असतात ते असे.

पण टाटाला वेगळे काढले की चित्र बदलते. देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांच्या २००५ ते २०१४ या दहा वर्षांतल्या लेखनाचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही शोधलेख नव्हता, आणि फक्त २५ संस्थांकडून देशातले चाळीस टक्के लेख आले होते. त्यानंतर लेखांची संख्या वाढली आहे, हे कोणीही मान्य करील. बढतीच्या नियमाने ती वाढवायलाच लावली. मात्र वाढले काय, तर एखाद्या चमत्कारिक केसचे वर्णन, जुनी केसपेपरे चाळून काढलेले आकडे, आणि अलीकडे जिथे रोबो आला आहे तिथे रोबोचे पहिले पन्नास रुग्ण. दोंडाईच्यासारखे प्रश्न त्यात क्वचितच दिसतात.

आता प्रोफॉर्म्याकडे येतो. एम.एस.च्या प्रबंधात शेवटी एक मास्टर चार्ट असतो, हे आपणांस सांगायला नको. आडव्या पानावर बारीक टाइपात साठ रुग्णांच्या साठ ओळी, वर वीस-पंचवीस रकाने, आणि पुढच्या पानावर रकान्यांच्या संक्षेपांची किल्ली. परीक्षक प्रबंध चाळतो तेव्हा प्रस्तावना वाचतो, फोटो पाहतो, संदर्भांची संख्या मोजतो आणि मास्टर चार्टपाशी आला की पान उलटतो. माझ्या मते अख्ख्या प्रबंधात खरे मोलाचे पान तेवढेच. बाकीचे बरेचसे पाठ्यपुस्तकातून आलेले असते. मास्टर चार्ट मात्र त्या पोराने रात्री-बेरात्री वॉर्डात उभे राहून भरलेला असतो.

तो चार्ट दुसऱ्या कुठल्याही चार्टला जोडता येत नाही. एका कॉलेजात जखमेतला संसर्ग 'हो किंवा नाही' असा लिहितात. दुसरीकडे त्याच्या तीन पायऱ्या करतात, तिसरीकडे पू झाला तरच धरतात. एकाने सातव्या दिवशी जखम पाहिलेली असते, दुसऱ्याने टाके काढायला रुग्ण आला त्या दिवशी. मधुमेह एका चार्टात साखरेचा आकडा म्हणून असतो, दुसऱ्यात नुसती खूण. मग प्रत्येक प्रबंधाचा शेवट एकाच वाक्याने होतो : रुग्णसंख्या कमी असल्याने ठोस निष्कर्ष काढता येत नाही, अधिक रुग्णांवर अभ्यास व्हावा. पुढच्या बॅचचा रेसिडेंट तेच वाक्य संदर्भासह उद्धृत करतो, पुन्हा साठ रुग्ण घेतो आणि शेवटी तेच लिहितो.

साठ रुग्णांत काय दिसते आणि काय दिसत नाही याचा हिशेब साधा आहे. 'चीता' नावाची चाचणी २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. पोटाच्या ऑपरेशनमध्ये जखम शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि शिवायला नवी उपकरणे घ्यायची, एवढाच उपाय. भारतासह सात देशांतली ८१ रुग्णालये, १३,३०१ रुग्ण. जखमेतला संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. शंभरात तीन रुग्णांची जखम वाचली. ज्या बाईचे पोट फुटलेल्या आतड्यासाठी उघडले आणि जिची जखम महिनाभर वाहत राहिली तिला विचारा, हे तीन म्हणजे काय ते. पण हा फरक साठ रुग्णांत कोणालाही दिसला नसता. तीस इकडे, तीस तिकडे, आणि निष्कर्ष 'फरक नाही'. म्हणजे उपयोगी उपाय निरुपयोगी ठरवून मोकळे. त्याआधी, २०२१ साली, त्याच संशोधक गटाच्या 'फाल्कन' चाचणीने ५,७८८ रुग्णांवर दाखवून दिले की कातडी पुसायला क्लोरहेक्सिडिन घ्या की आयोडिन, आणि जंतुनाशक लावलेला महाग धागा वापरा की साधा, संसर्गात फरक पडत नाही. गरीब रुग्णालयांचा केवढा पैसा वाचवणारे उत्तर! या दोन्ही चाचण्यांत भारतीय रुग्णालये होती, लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने त्यात पुढाकार घेतला होता. पैसा मात्र ब्रिटनचा आणि सूत्रे बर्मिंगहॅमला.

आपल्या राज्यात सर्जरीचे चाळीस विभाग धरा. प्रत्येकातून एक रेसिडेंट, प्रत्येकी साठ रुग्ण. एका वर्षात २,४०० होतात, तीन बॅचमध्ये ७,२००. परदेशी पैसा लागत नाही, नवी नेमणूक लागत नाही. हे रुग्ण आजही येतात, ही पोरे आजही नोंदी करतात, आणि प्रबंध आजही बंधनकारक आहेच. लागतो तो एकच प्रोफॉर्मा, त्याच रकान्यांचा, त्याच व्याख्यांचा.

पाठपुराव्याचे दुखणे याहून मोठे आहे, आणि त्यावर जरा सविस्तर लिहितो. रेसिडेंटची एकूण तीन वर्षे. पहिले सहा महिने सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) आणि संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी एथिक्स कमिटी यांत जातात. परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध द्यायचा. हातात उरतात जेमतेम दोन वर्षे, त्यात शेवटचा रुग्ण घेतला त्याचा पाठपुरावा कधी तीनच महिन्यांचा. हर्निया उलटायला मात्र वर्षे लागतात. त्यामुळे बहुतेक प्रबंधांत 'पुनरुद्भव : शून्य' असते आणि ते शून्य वाचून आम्ही गाइड मंडळी मान डोलावतो.

त्यात आपला रुग्ण कोण, हेही पाहायला हवे. बीड, नगर, जालना या पट्ट्यातला हर्नियाचा रुग्ण उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात ऑपरेशन करून घेतो, कारण दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याला ऊसतोडीला निघायचे असते. सहा महिन्यांचा पाठपुरावा बरोबर गळिताच्या हंगामात येतो. रेसिडेंट रविवारी वॉर्डातल्या फोनवरून एकेक नंबर लावत बसतो. एक बंद, एक शेजाऱ्याचा, एकावर म्हातारी आई सांगते, "तो कारखान्यावर गेलाय, पाडव्याला येईल." आला तरी दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे घालून, 'मला काही त्रास नाही' एवढे सांगायला तो ओपीडीच्या रांगेत उभा राहील कशाला? त्रास असेल तो तर दुसऱ्याच गावच्या डॉक्टरकडे जाईल. मास्टर चार्टात अशा रुग्णासमोर 'फॉलोअपला आला नाही' असे लिहिले जाते आणि टक्केवारी काढताना त्याला वगळले जाते. उसाच्या मोळ्या उचलणारा, ज्याचा हर्निया उलटण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमका तोच हिशेबातून बाहेर.

याला उपाय आहे आणि तो अवघड नाही. पहिल्या बॅचच्या रेसिडेंटने नोंदवलेले रुग्ण दुसऱ्या बॅचच्या रेसिडेंटने पाहायचे, त्याचा प्रबंध म्हणजे पहिल्याच्या रुग्णांची दोन-तीन वर्षांनंतरची स्थिती. पाठपुराव्याचा महिना ऑपरेशनच्या तारखेवरून न ठरवता हंगामावरून ठरवायचा, पाडव्यानंतर ते पेरणीआधी. आणि पाहायचे ते तालुक्याला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी कार्यक्रमामुळे पीजीची मुले आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात असतात. तिथे त्यांना काय काम द्यावे यावर अजून कुरबूर चालते. हे घ्या काम. आज 'हा विषय झालाय, दुसरा आणा' असे म्हणून आम्हीच असा प्रबंध सिनॉप्सिसच्या टप्प्यावर अडवतो. जुन्या कामाचा पाठपुरावा हा पूर्ण दर्जाचा विषय आहे, एवढे विद्यापीठाने एका परिपत्रकाने जाहीर केले तरी निम्मे काम होईल.

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे तर बीडच्या गर्भाशयांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये तरुण वयात, मोठ्या संख्येने काढली जात आहेत, हे २०१९ साली महाराष्ट्राला कळले ते पत्रकार आणि कार्यकर्त्यांमुळे. मग विधान परिषदेत चर्चा झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अलीकडच्या काळात राज्यात शस्त्रक्रियेवर एवढी चर्चा दुसऱ्या कुठल्या निमित्ताने झाली असेल असे वाटत नाही. आणि ती सुरू झाली तेव्हा आमच्या प्रबंधांत, आमच्या जर्नल्समध्ये, आमच्या कॉन्फरन्समध्ये तिचा मागमूस नव्हता. कुठे किती ऑपरेशने होतात, कोणावर होतात, गरज नसताना किती होतात, हेही सर्जरीचेच संशोधन आहे. आपल्याकडे ते कम्युनिटी मेडिसिनवाल्यांचे काम समजले जाते. दुर्बिणीतून काढले की पोट उघडून, यावर मात्र दरवर्षी तुलना.

आता बढतीच्या नियमांविषयी. ते दिल्लीचे आहेत, नाशिकचे नाहीत, याची जाणीव ठेवूनच लिहितो. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलच्या २०१५ च्या परिपत्रकाने शोधलेखातले पहिले आणि दुसरे नावच मोजायचे ठरले. नंतरच्या नियमांत ते पहिल्या तिघांपर्यंत आणि पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकापर्यंत वाढले. चाळीस विभागांनी मिळून काम केले तर सदतीस जणांना काय मिळणार? 'चीता'चा लेख संपूर्ण गटाच्या नावाने छापला आहे, शेकडो सर्जन त्यात सहकारी म्हणून आहेत. आपल्याकडच्या सहयोगी प्राध्यापकाला बढतीच्या फाइलमध्ये त्याचा उपयोग शून्य. त्यापेक्षा पैसे भरून छापणाऱ्या एखाद्या जर्नलमध्ये तीस रुग्णांचा लेख पहिल्या नावाने टाकणे हा व्यवहारात शहाणपणा ठरतो, आणि माणसे शहाणी असतातच. या जर्नल्सचे दलाल आता थेट व्हॉट्सॲपवर दर पाठवतात, नावाच्या क्रमानुसार वेगवेगळे. आयोगाचा नियम बदलणे आपल्या हातात नाही, पण गाइड म्हणून मान्यता देताना, विद्यापीठाचे संशोधन अनुदान वाटताना सामूहिक कामातला सहभाग धरायचा, हे आपल्या हातात आहे. शिवाय देशातल्या मोठ्या आरोग्य विद्यापीठाने आयोगाकडे लेखी शिफारस केली तर ती एका प्राध्यापकाच्या ई-मेलसारखी केराच्या टोपलीत जाणार नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. रेसिडेंटची स्वतंत्र विचारशक्ती मारली जाईल, असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. पेनड्राइव्हवरून उतरवलेल्या विषयात कोणती स्वतंत्र विचारशक्ती असते, हे मी त्यांना विचारले नाही, वयाचा मान म्हणून. पण उत्तर आहे. सामाईक नोंदींवर प्रत्येकाने आपला वेगळा उपप्रश्न घ्यावा. एकाने दुखण्याचा, दुसऱ्याने खर्चाचा, तिसऱ्याने हमाल किंवा शेतमजूर पुन्हा ओझे उचलू लागेपर्यंत किती दिवसांची मजुरी बुडाली आणि त्यासाठी किती कर्ज काढावे लागले, याचा. हा शेवटचा प्रश्न मला तर हर्निया उलटण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि जाळी विकणाऱ्या कंपनीला तो विचारण्याचे काही कारण नाही. नियमाचे म्हणाल तर विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या प्रकल्पावर गाइडच्या देखरेखीखाली काम करावे आणि प्रबंध लिहावा, अशी अपेक्षा आहे. चाळिसांनी मिळून एक प्रकल्प घेतला तरी ती पुरी होते.

दुसरा आक्षेप एथिक्स कमिटीचा : चाळीस कॉलेजांत चाळीस कमिट्या, कधी होणार? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनेक केंद्रांच्या अभ्यासासाठी सामाईक आढाव्याची सोय दिलेली आहे. सीटीआरआयमध्ये, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, १ एप्रिल २०१८ पासून चाचणीची नोंद ती सुरू होण्याआधीच करावी लागते. चाळीस वेगळ्या नोंदींपेक्षा एक सोपी. रेसिडेंटवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. म्हणून रकाने कमी ठेवावेत. पंचवीस रकाने भरणारा माणूस रात्री दोन वाजता शेवटचे दहा अंदाजाने भरतो, हे आपण सगळे जाणतो.

प्रश्न कोणी ठरवायचे, यावर माझे मत ठाम आहे. आम्ही प्राध्यापकांनी एकट्याने ठरवू नयेत. उपजिल्हा रुग्णालयातल्या सर्जनला विचारावे, ग्रामीण सर्जनांच्या संघटनेला विचारावे. दोंडाईच्याचा प्रश्न मुंबईत सुचला नसता. मेंदूच्या झटक्याच्या डॉक्टरांनी देशभर असे जाळे उभारून दाखवले आहे. आयसीएमआरच्या मदतीने ३१ केंद्रांत, चार हजारांहून अधिक रुग्णांवर, अनेक भारतीय भाषांत त्यांनी एक चाचणी केली. झटका पुन्हा येऊ नये म्हणून पाठवलेले एसएमएस आणि व्हिडिओ उपयोगी पडतात का, हा प्रश्न होता. उत्तर 'नाही' आले आणि त्यांनी ते २०२३ साली जसेच्या तसे छापले. सर्जननी तेवढे तरी करावे.

तेव्हा मागणी एवढीच आहे. येत्या प्रवेशाच्या बॅचपासून सर्जरीपुरता, आणि सर्जरीतही फक्त जांघेच्या हर्नियापुरता, सामाईक प्रोफॉर्मा ऐच्छिक म्हणून जाहीर करावा. जे विभाग तो घेतील त्यांच्या सिनॉप्सिसला 'विषय पुनरावृत्त' हा शेरा मारला जाऊ नये. मास्टर चार्टची छापील प्रत नको, एक्सेलची फाइल रुग्णाचे नाव-गाव काढून विद्यापीठाकडे जमा व्हावी आणि पुढच्या रेसिडेंटला ती मागता यावी. संसर्गाची व्याख्या, पाठपुराव्याचे महिने आणि कामावर परतण्याचा रकाना धरून मी व काही सहकाऱ्यांनी एक कच्चा मसुदा केला आहे. तो एका पानात बसतो. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत तो मांडण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. त्यात खोडाखोड करायला ग्रामीण भागातले दोन सर्जन बैठकीला हजर असावेत, त्यांच्या प्रवासभत्त्याची तरतूद आधी व्हावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सर्जरीचा एक शिक्षक